एनई५५३२ या नावाखाली पाठवलेल्या बनावट ऑप-अँप आयसींबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : छापील क्रमांकाशी न जुळणाऱ्या आयसींचा पुरवठा आणि आपल्या तांत्रिक विभागाने पाठवलेला चुकीचा पर्यायी तक्ता.

महोदय,

आपल्याकडून मी एनई५५३२ या क्रमांकाच्या दहा ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या) आयसी मागवल्या होत्या. त्यांपैकी एकही आयसी एनई५५३२ नाही, अशी माझी तक्रार आहे. ही तक्रार मी आपल्याकडे यापूर्वी एकदा कळवली असून तिला आलेले उत्तर मूळ मालापेक्षाही चिंताजनक वाटल्याने हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे एक जुना ऑडिओ पॉवर अँप्लिफायर आहे. त्याच्या प्रत्येक चॅनलच्या सुरुवातीच्या टप्प्यात एक एनई५५३२ आणि डीसी सर्व्होसाठी (आउटपुटवरचा नको असलेला डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, काढून टाकणाऱ्या भागासाठी) एक टीएल०७२ बसवलेली आहे. उजवा चॅनल बंद पडला, तेव्हा इनपुटला कोणताही सिग्नल नसताना सुरुवातीच्या आयसीच्या पहिल्या, म्हणजे आउटपुटच्या, पायावर उणे १३ व्होल्ट अडकून बसलेले दिसले. पुरवठ्याचे दोन्ही व्होल्टेज ठीक होते, आजूबाजूचे रोध मोजून पाहिले तेही ठीक होते. म्हणजे आयसीच गेली होती. दोन्ही चॅनल सारखे राहावेत म्हणून दोन्हीकडच्या आयसी बदलायच्या ठरवल्या आणि तोच क्रमांक मागवला. अमुक ऑप-अँपचा ‘आवाज’ अधिक गोड असतो वगैरे चर्चेत मला रस नाही. जे होते तेच परत बसवायचे, एवढाच हेतू होता.

नव्या आयसी बसवल्यावर दोन्ही चॅनल सुरू झाले, परंतु मोठ्या आवाजात वरचे स्वर खरखरीत येऊ लागले. आधी शंका आउटपुट ट्रान्झिस्टरवर घेतली आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. खरा सुगावा लागला तो बोटाला. या अँप्लिफायरमध्ये ४५ व्होल्टच्या मुख्य पुरवठ्यातून रोध आणि झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरून ठेवणारा भाग) लावून १५ व्होल्ट काढलेले आहेत, आणि पूर्वी कोमट असणारा तो झेनर आता बोट टेकवत नव्हता. झेनर जास्त तापतो याचा अर्थ आयसी पूर्वीपेक्षा कमी प्रवाह घेत आहेत व उरलेला झेनरच्या वाट्याला येत आहे. एनई५५३२ तिच्यातले दोन्ही ऑप-अँप मिळून साधारण ८ मिलीअँपिअर घेते. आपल्या आयसीचा प्रवाह मोजला तर तो ०.९ मिलीअँपिअर भरला.

त्यानंतर, जे खरे तर पाकीट उघडल्या उघडल्या करायला हवे होते, ते मी न वापरलेल्या आठ आयसींवर केले. एनई५५३२ च्या आत दोन इनपुटांमध्ये एकमेकांना उलटे जोडलेले संरक्षक डायोड असतात, त्यामुळे मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पायामध्ये दोन्ही दिशांनी सुमारे ०.६ व्होल्ट दिसायला हवेत. आठांपैकी एकाही आयसीत असे दिसले नाही. बफर जोडणी करून चौकोनी लहर दिली असता ऑसिलोस्कोपवर कडा तिरक्या आल्या. स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग, दर मायक्रोसेकंदाला जेमतेम ०.४ व्होल्ट निघाला. एनई५५३२ साठी हा आकडा ९ आहे. माझ्या अँप्लिफायरच्या आउटपुट टप्प्यात व्होल्टेज केवळ चौपट वाढते, त्यामुळे पूर्ण आवाजात ऑप-अँपला १० व्होल्ट शिखरापर्यंत जावे लागते. २० किलोहर्ट्झला त्यासाठी सुमारे १.२६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद इतका वेग लागतो, तर ०.४ मध्ये ही मजल ६.४ किलोहर्ट्झपाशीच संपते आणि त्यापुढे साइन लहरीचा त्रिकोण होतो. शिवाय शून्य ओलांडताना लहरीला बारीकशी खाच पडते, ती वेगळीच. या सगळ्या खुणा एलएम३५८ जातीच्या स्वस्त आयसीशी जुळतात. माझा अंदाज बरोबर असेल तर धोकाही आहे, कारण त्या आयसीची कमाल मर्यादा एकूण ३२ व्होल्टची आणि माझा पुरवठा अधिक १५ आणि उणे १५ मिळून ३० व्होल्टचा.

शेवटी एका आयसीवर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस घासला. कापूस काळा झाला, छापील अक्षरे वरच्या थरासकट निघून आली आणि खाली घासकागदाच्या समांतर रेघा उघड्या पडल्या. मूळ क्रमांक घासून, काळा लेप देऊन, त्यावर नवा क्रमांक छापलेला होता. हे चुकून पाकीट बदलल्याचे प्रकरण नाही, हे आपल्याही लक्षात येईल.

यावर आपल्या तांत्रिक विभागाने कळवले की सोल्डर करताना आयसी जास्त तापून बिघडली असावी. ज्या आठ आयसींना सोल्डरिंग आयर्नचा स्पर्शही झाला नाही, त्या कशा तापल्या, याचा खुलासा उत्तरात नाही. सोबत ‘पर्यायी ऑप-अँप’ असा एक तक्ता पाठवला आहे आणि त्यात एनई५५३२, एनई५५३४, टीएल०७२, ४५५८ आणि एलएम३५८ एकाच ओळीत, परस्परांच्या जागी चालतील असे म्हणून दिलेल्या आहेत. आठ पाय असणे एवढेच या पाचांत साम्य आहे. एनई५५३४ मध्ये ऑप-अँप एकच असतो आणि तिचा आउटपुट सहाव्या पायावर व धन पुरवठा सातव्या पायावर असतो. उरलेल्या चारही दुहेरी असून त्यांचा सातवा पाय आउटपुटचा आणि आठवा पुरवठ्याचा. तक्त्यावर विश्वास ठेवून कोणी एनई५५३४ दुहेरी आयसीच्या सॉकेटमध्ये बसवली, तर सर्किट चालण्याचा प्रश्नच येत नाही.

जिथे पाय जुळतात तिथली चूक अधिक फसवी आहे, कारण तिथे अँप्लिफायर वाजतो. सर्व्होमध्ये १ मेगओहमचे रोध असतात व टीएल०७२ चा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजण्याइतका नगण्य असल्याने तिथे काही बिघडत नाही. तिच्या जागी अस्सल एनई५५३२ जरी बसवली, तरी तिचा नेहमीचा २०० नॅनोअँपिअरचा प्रवाह त्या रोधावर ०.२ व्होल्टची चूक निर्माण करतो, आणि दुसऱ्या इनपुटला तितकाच रोध नसेल तर सर्व्हो तीच चूक स्पीकरच्या टोकांवर नेऊन ठेवतो. जी आयसी डीसी काढून टाकायला बसवली, तीच डीसी घालू लागते. दुरुस्ती करणारा मग बिचारा आउटपुट ट्रान्झिस्टर बदलत बसतो. माझी संध्याकाळ कशी गेली ते वर लिहिलेच आहे.

एनई५५३२ ही दुर्मीळ किंवा उत्पादन थांबलेली आयसी नाही, ती आजही तयार होते. त्यामुळे अस्सल माल मिळत नव्हता, हे कारण मला मान्य होणार नाही.

माझी मागणी अशी की दहाही आयसींची पूर्ण रक्कम पाठवणीच्या खर्चासह परत करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच तारीख-कोडचा (आयसीवर छापलेल्या उत्पादन-काळाच्या क्रमांकाचा) उरलेला साठा विक्रीतून काढून घ्यावा आणि ज्या ग्राहकांना तो गेला आहे त्यांना आपण होऊन कळवावे. प्रत्येकाकडे ऑसिलोस्कोप असेलच असे नाही. पर्यायी तक्ता दुरुस्त होईपर्यंत कोणालाही पाठवू नये. हा माल आपण अधिकृत वितरकाकडून घेतला होता की अन्य कोणाकडून, हेही लेखी कळवावे. बदली म्हणून त्याच साठ्यातील आयसी मात्र पाठवू नयेत, त्या मी स्वीकारणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक म्हणून योग्य त्या ठिकाणी दाद मागावी लागेल. न वापरलेल्या सहा आयसी परत पाठवत आहे. अ‍ॅसिटोनने पुसलेली एक आणि न पुसलेली एक, अशा दोन पुरावा म्हणून माझ्याकडे ठेवल्या आहेत. अँप्लिफायरमधून काढलेल्या दोन आयसी हव्या असल्यास त्याही पाठवीन.

कळावे,

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, ऑसिलोस्कोपच्या पडद्याची तीन छायाचित्रे, पुसलेल्या आयसीचे जवळून घेतलेले छायाचित्र, आपल्या उत्तराची व तक्त्याची प्रत.