मिग-२१ चौथऱ्यावर चढवण्याआधी : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : निवृत्त लष्करी विमानांचे जतन आणि मिग-२१च्या वाटपापूर्वी घ्यावयाचे निर्णय

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, त्या सोहळ्याला आपण स्वतः उपस्थित होता. १९६३ पासून सेवेत असलेल्या, १९७१च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणाऱ्या आणि नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात शेकडोंच्या संख्येने तयार झालेल्या या विमानाचे आता पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्यासमोर ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. निवृत्त विमानांच्या बाबतीत आजवरचा शिरस्ता ठरलेला आहे : उपयोगी भाग काढून घ्यायचे, बहुतेक सांगाडे भंगारात द्यायचे आणि उरलेले थोडे तळांच्या प्रवेशद्वारांवर, महाविद्यालयांच्या आवारांत, उद्यानांत किंवा चौकांत चौथऱ्यावर बसवायचे. यातील शेवटच्या प्रकाराला आपण जतन समजतो. माझी विनंती या समजुतीबद्दलच आहे. उघड्यावर चौथऱ्यावर बसवलेले विमान सुरक्षित झालेले नसते, आणि मिग-२१च्या बाबतीत वाटपाच्या आधीच काही निर्णय झाले नाहीत, तर पुढे कितीही निधी दिला तरी गेलेले परत मिळवता येणार नाही.

चौथऱ्यावरच्या विमानाचे काय होते, हे जरा तपशिलाने सांगतो. त्या काळातील विमानांचा पत्रा प्रामुख्याने तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असे. तांब्यामुळे धातूला बळकटी येते, पण गंजाला तोंड देण्याची त्याची शक्ती कमी होते. म्हणून अशा पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. एखाद्या समारंभाच्या निमित्ताने विमान नव्याने रंगवायचे ठरते, उत्साहाने जुना रंग घासून काढला जातो आणि त्याबरोबर हा थरही निघून जातो. त्यानंतर पावसाचे पाणी व हवेतील क्षार धातूच्या कणांमधल्या सीमांतून आत शिरतात आणि पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून विमान चकचकीत दिसत असते, पण रिवेटांच्या ओळींखाली पांढरी भुकटी साठत जाते. जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतो किंवा मॅग्नेशियमचे भाग वापरलेले असतात, तिथे ही झीज आणखी वेगाने होते. त्यात विमानाच्या पोटातील पाणी वाहून जाण्याची छिद्रे ते जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभे असताना उपयोगी पडतील अशी केलेली असतात. उड्डाणाचा आभास व्हावा म्हणून नाक वर करून ते खांबावर तिरपे बसवले, की पाण्याला वाट उरत नाही. कॉकपिटवरचे पारदर्शक आच्छादन उन्हाने तडकून धुरकट होते, टायर आणि रबरी नळ्या चिरतात, इंजिनाच्या मुखांत पक्षी घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेने रंग व धातू दोन्ही खराब होतात. घासून काढलेल्या रंगाबरोबर मूळ स्क्वाड्रनची चिन्हे, क्रमांक आणि सूचनांचे ठसेही नाहीसे होतात, म्हणजे विमानाची ओळख पटवणारा पुरावाच आपण आपल्या हातांनी पुसतो.

व्हॅम्पायर विमानाचे उदाहरण घ्यावे. १९४८ मध्ये हवाई दलात दाखल झालेले हे आपले पहिले जेट. पाहणाऱ्याला ते संपूर्ण धातूचे वाटते, पण त्याचा पुढचा भाग, ज्यात वैमानिक बसतो, तो प्लायवुड आणि बाल्सा लाकडाच्या थरांचा आहे. असे विमान उघड्यावर ठेवणे म्हणजे लाकडी फर्निचर पावसाळाभर अंगणात ठेवण्यासारखे आहे. गोव्यात दाबोळी येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात तर समुद्र अगदी जवळ आहे. तेथे मोकळ्या आवारात असलेल्या विमानांत सीलँड आहे. नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात १९५३ मध्ये याच प्रकारच्या विमानांनी झाली, आणि जगात आज अशी फार थोडी विमाने उरली आहेत. एअर इंडियाकडून आधी हवाई दलाकडे आणि नंतर नौदलाकडे आलेले सुपर कॉन्स्टेलेशनही तिथेच आहे. तेथील कर्मचारी आपल्या परीने निगा राखतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु खाऱ्या वाऱ्यापासून आणि गोव्याच्या पावसापासून इतकी मोठी विमाने रंगाच्या हातांनी वाचत नाहीत. त्यांना छप्पर हवे.

आपण ज्याला भंगार मानले, त्याची किंमत इतरांनी केव्हाच ओळखली होती, हे लिबरेटर विमानांच्या कहाणीवरून दिसते. दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला ही अवजड बॉम्बफेकी विमाने पुन्हा कोणाला उडवता येऊ नयेत अशा बेताने मोडतोड करून सोडून देण्यात आली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतून सुमारे ४० विमाने पुन्हा उभी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. तोवर जगभरातील हजारो लिबरेटर वितळवून झाली होती. त्यामुळे आज इंग्लंडमधील रॉयल एअर फोर्स म्युझियम, कॅनडाची राजधानी ओटावा येथील विमान संग्रहालय आणि ॲरिझोनातील पिमा संग्रहालय यांच्याकडील लिबरेटर ही भारतातून गेलेली विमाने आहेत, आणि अमेरिकेत १९८९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा आकाशात झेपावलेले एक लिबरेटरही आपल्याच हवाई दलाचे होते. रॉयल एअर फोर्स म्युझियममधील टेम्पेस्टही भारतातूनच गेले. ही विमाने परदेशी गेली याची मला तक्रार करायची नाही. तिथे ती छपराखाली आहेत, आणि कॅनडाने लिबरेटरच्या बदल्यात दिलेले लायसँडर विमान आज दिल्लीतील पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, म्हणजे अदलाबदल विचारपूर्वक झाली तर दोन्ही देशांचा संग्रह समृद्ध होतो. पण भारताच्या कारागिरांनी मोडतोडीतून पुन्हा उभे केलेले विमान पाहायला भारतीय विद्यार्थ्याला पालमला एकच लिबरेटर मिळते, आणि तेही सांभाळले गेले नाही तर काही उरणार नाही.

पालमला याहूनही दुर्मीळ ठेवा आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड येथे हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले ते चार वापिती विमानांवर, आणि त्याच प्रकारचे एक विमान पालमला आहे. आपला कायदा मात्र त्याला अजून संरक्षण देऊ शकत नाही. १९७२ चा पुरावस्तू व कलावस्तूविषयक कायदा किमान १०० वर्षे जुन्या वस्तूंनाच पुरावस्तू मानतो. दगडी शिल्प १०० वर्षे वाट पाहू शकते, पातळ पत्र्याचे, कापडाचे आणि लाकडाचे विमान पाहू शकत नाही. जेट युगातील विमानांवर तर हा कायदा या शतकाच्या मध्यापर्यंत लागू होणार नाही. जर्मन विमान अभियंते कर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली आरेखित झालेले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले लढाऊ विमान मारुत असो, किंवा डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी घडवलेले प्रशिक्षण विमान एचटी-२ असो, स्वदेशी विमानविद्येचे हे मूळ नमुने केवळ ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्या मर्जीवर टिकून आहेत. संस्कृती मंत्रालयाशी विचारविनिमय करून यंत्रवारशासाठी वेगळी, कमी वयोमर्यादा ठरवणे ही आपल्या दोन मंत्रालयांना सहज करता येण्यासारखी गोष्ट आहे.

परदेशी उदाहरणे द्यायची ती अनुकरणासाठी नव्हे, तर खर्चाचा अंदाज यावा म्हणून. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे एनोला गे हे विमान अमेरिकेत अनेक वर्षे एका हवाई तळावर उघड्यावर पडून होते. पक्ष्यांनी त्यात घरटी केली, हौशी लोकांनी भाग काढून नेले. १९८४ मध्ये काम सुरू झाले आणि २००३ मध्ये ते संपूर्ण जोडून प्रदर्शित झाले. त्यावर सुमारे ३,००,००० मनुष्यतास खर्ची पडले. ती काही वर्षे छप्पर मिळाले असते, तर यातील बराचसा खर्च वाचला असता असे मला वाटते. दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत समुद्रतळातून काढलेल्या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन डॉर्नियर विमानाला नवे रूप देण्याचा प्रयत्नच झाला नाही. सायट्रिक आम्लाच्या सौम्य फवाऱ्याने दीर्घकाळ धुऊन त्याची झीज थांबवण्यावर भर दिला गेला. प्रत्येक विमान नव्यासारखे दिसलेच पाहिजे हा आग्रह चुकीचा आहे. युद्धात पडलेल्या छिद्रांवर मारलेला ठिगळाचा पत्रा हा त्या विमानाचा इतिहासच असतो.

जुनी विमाने उडती ठेवावीत की नाही, याबाबतही आपल्या मंत्रालयाने स्पष्ट धोरण लिहून काढावे. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीतील टायगर मॉथ २०१२ मध्ये पुन्हा उडाले. २०१८ मध्ये आलेल्या डकोटाला व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा क्रमांक. ते उडताना पाहून मुलांना जे कळते, ते फलकावरच्या मजकुराने कळत नाही, त्यामुळे ही तुकडी चालू राहिलीच पाहिजे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलस येथील प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धकाळातील दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जणांचा मृत्यू झाला, हेही विसरून चालणार नाही. ज्या प्रकाराची अनेक विमाने शिल्लक आहेत तीच उडवावीत. वापितीसारखे विमान कधीही नाही.

आता मिग-२१कडे परत येतो. एखादे विमान जवळ आहे, वाहून नेणे सोपे आहे, म्हणून ते निवडले जाऊ नये. एफएल, एम, बिस, बायसन आणि दोन आसनांचे प्रशिक्षण विमान, अशा प्रत्येक प्रकारातील किमान एक सांगाडा त्याच्या सेवेचा इतिहास तपासून निवडावा, त्याचे इंजिन, उपकरणे आणि आसन काढून घेतले जाण्याआधी तो बाजूला ठेवावा, आणि त्याच्याबरोबर लॉगबुके, देखभालीच्या नोंदी, तांत्रिक पुस्तिका व खास अवजारेही जपावीत. कागदपत्रांशिवाय विमान म्हणजे नाव नसलेला सांगाडा. इजेक्शन सीटमधील स्फोटके आणि रेडियमचा लेप असलेल्या जुन्या तबकड्या जाणकारांकडून सुरक्षित करून घेतल्याशिवाय कोणतेही विमान कोणत्याही संस्थेला देऊ नये. जे द्यायचे ते पुरेशा प्रती उपलब्ध असलेल्या प्रकारांतलेच द्यावे, आणि घेणाऱ्या संस्थेने छप्पर, निचरा व वार्षिक तपासणी यांची लेखी हमी द्यावी. हमी पाळली गेली नाही तर विमान परत घेण्याचा हक्क हवाई दलाकडे राहावा.

त्याचबरोबर तिन्ही दले, तटरक्षक दल, एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), विज्ञान केंद्रे आणि नगरपालिकांची उद्याने यांच्याकडील सर्व निवृत्त विमानांची एक राष्ट्रीय नोंदवही तयार व्हावी, जिच्यात क्रमांक, प्रकार, सेवेचा इतिहास आणि सध्याची स्थिती लिहिलेली असेल आणि जी कोणत्याही नागरिकाला वाचता येईल. कार्यशाळेसाठी नवी इमारत उभारण्याची वाट पाहण्याची गरज नाही. ओझरला जिथे मिग बांधली गेली तो कारखाना आहे, शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, म्हणजे विमान दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे, आणि लखनौला संस्कृती मंत्रालयाची जतनविषयक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. विमान कसे बांधले ते जाणणारे आणि जुनी वस्तू कशी टिकवायची ते जाणणारे, या दोघांना एका छपराखाली आणणे एवढेच बाकी आहे.

आयएनएस विक्रांतचे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. जतनाची जबाबदारी आणि खर्च नेमका कोणाचा, हे सुरुवातीलाच पक्के झालेले नसले, की प्रकरण असे लांबत जाते. म्हणून विमानांच्या बाबतीत वार्षिक निधीचे स्वतंत्र शीर्ष आणि उत्तरदायी अधिकारी, दोन्ही आधी ठरवावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एक गोष्ट मात्र निधीची वाट पाहू शकत नाही. नॅट, हंटर, मारुत यांवर काम केलेले तंत्रज्ञ आज वृद्धापकाळात आहेत. कोणता पाइप कुठून जातो आणि कोणता रिवेट का बदलला होता, हे पुस्तिकेत न लिहिलेले ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा आदेश आपण याच महिन्यात देऊ शकता. राखून ठेवलेल्या मिग-२१ विमानांची क्रमांकांसह यादी मंत्रालयाने जाहीर करावी आणि ती जाहीर होईपर्यंत वाटप थांबवावे, अशी विनंती करतो. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपला नम्र,
लष्करी विमानांच्या इतिहासाचा एक अभ्यासक