डिजिटल व्यक्तिचित्र : हाताचे काम पोत चढवून येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, दिवाळी अंकांच्या पानांवर आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात भेट दिल्या जाणाऱ्या तसबिरींत आज ‘डिजिटल पेंटिंग’ या नावाने असंख्य व्यक्तिचित्रे दिसतात. त्यांतील बरीचशी म्हणजे छायाचित्रावर केलेली प्रक्रिया असते : फोटोशॉपमध्ये फोटो उघडायचा, स्मज टूलने त्वचा घोटून गुळगुळीत करायची, केसांवर बारीक ब्रशने तारा ओढायच्या आणि सरतेशेवटी सगळ्यावर कॅनव्हासचा पोत चढवायचा. हे काम करणाऱ्यांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे आणि डिजिटल माध्यमाला तर माझा मुळीच विरोध नाही; मी स्वतः व्यक्तिचित्रण शिकवतो आणि कागदाइतकेच टॅबलेटवरही काम करतो. परंतु चित्र हाताने काढल्यासारखे दिसावे यासाठी शेवटी काहीतरी चढवावे लागते, हा समज विद्यार्थ्यांमध्ये आणि चित्रे करून घेणाऱ्यांमध्ये घट्ट होत चालला आहे, आणि तो चुकीचा आहे, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

पोताचेच उदाहरण जवळून पाहावे. खडबडीत कागदावर कोळशाची कांडी हलक्या हाताने फिरवली, तर कोळसा फक्त कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि मधले खळगे पांढरे राहतात. हात दाबला, की खळगेही भरतात आणि त्या जागी कागदाचा पोत जवळजवळ नाहीसा होतो. जलरंगात याच्या उलट घडते, कारण पाण्याबरोबर वाहणारे जड रंगकण खळग्यांत जाऊन साचतात. म्हणजे पोत कुठे दिसणार आणि कुठे नाही, हे हाताचा दाब, रंगाचा ओलेपणा आणि छटेचा गडदपणा यांवर ठरते. पूर्ण झालेल्या चित्रावर पोताचा वेगळा लेयर, म्हणजे थर, टाकला, की तो कपाळावर, डोळ्यांच्या बुबुळांत आणि मागच्या भिंतीवर सारखाच पसरतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसेल, पण काहीतरी खोटे आहे हे त्याच्या नजरेला जाणवते. त्याऐवजी पोत ब्रशमध्येच ठेवावा आणि तो पेनच्या दाबाशी जोडावा. क्रिता, प्रोक्रिएट आणि फोटोशॉप या चित्र काढण्याच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि त्यांतील क्रिता तर मोफत मिळते.

फटकाऱ्यांचेही असेच आहे. ऑइल पेंटचा फिल्टर चित्रातल्या छटांचा उतार पाहून फटकारे पाडतो. चेहरा त्याला कळत नाही, म्हणून पापणी, गाल आणि सदऱ्याची कॉलर या सर्वांना तो जवळपास एकच वागणूक देतो. चित्रकाराचा फटकारा मात्र गालाच्या हाडावरून वळतो, नाकाच्या कण्यावर आखडतो आणि खांद्याकडे येताना सैल व रुंद होतो. चेहऱ्याची ठेवण समजली असेल तरच तो असा वळतो. स्मज टूलने घोटलेली त्वचा मेणासारखी दिसते ती याचमुळे : कपाळाचा समोरचा भाग जिथे संपतो आणि कानशिलाकडे उतरणारा भाग जिथे सुरू होतो, तो सांधाच घोटण्यात पुसला जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट कडांची. छायाचित्रात कोणती कड स्पष्ट यावी हे भिंगाचे अंतर आणि प्रकाश ठरवतो, तर चित्रात ते चित्रकार ठरवतो. तो डोळ्याच्या वरच्या पापणीची कड धारदार ठेवतो, अंधाराकडचा जबडा पार्श्वभूमीत विरू देतो आणि केसांचा पुंजका आधी एका आकारात मांडून त्यातल्या दोन-चार बटाच बारकाईने काढतो. सगळे केस मोजून काढलेले चित्र कष्टाचे वाटते, पण त्यात माणूस भेटत नाही.

रंगाच्या बाबतीत एक जुने चित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. सावळाराम हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अनेक जण ते राजा रविवर्मा यांचे समजतात. त्यात ज्योतीवर आडवा धरलेला हात पाहावा; बोटांतून उजेड आरपार येतो आणि तिथली त्वचा लालसर उजळते. त्वचेत प्रकाश थोडा आत शिरतो, म्हणून उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवरही रंग अधिक उबदार होतो, आणि हनुवटीच्या खालच्या सावलीत कपड्यावरून परतलेला उजेड मिसळतो. मोबाइलच्या फोटोत हे फरक अनेकदा काळ्या डागात बुडून जातात. फोटोवरच रंगवणारा तो डाग तसाच उचलतो, किंवा काळ्या ब्रशने आणखी गडद करतो.

गुळगुळीतपणा हाच दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. रघुवीर मुळगावकरांनी रंगाचा फवारा मारण्याचे तंत्र आपल्या चित्रांत वापरले. त्यांच्या चित्रांतील त्वचा किती नितळ असते, हे जुनी कॅलेंडरे आणि दिवाळी अंक जपून ठेवलेल्यांना ठाऊक आहे. तिथेही हात आणि कागद यांच्यामध्ये एक यंत्र होतेच. पण त्या नितळ रंगाखाली पक्के रेखाटन होते. डिजिटल साधनाकडेही मी याच दृष्टीने पाहतो.

त्यामुळे टॅबलेटवर व्यक्तिचित्र शिकणाऱ्यांना माझा सल्ला असा, की पांढऱ्याशुभ्र पडद्याऐवजी मध्यम छटेच्या भूमीवर सुरुवात करावी, तीन-चार ब्रशांवर भागवावे आणि शक्यतो एकाच लेयरवर काम करावे, म्हणजे खालचा रंग वरच्यात मिसळत राहील. रेषा आपोआप सफाईदार करणारी सोय अगदी कमी ठेवावी, कारण शोधत शोधत जाणाऱ्या रेषेचा थरकाप ती पुसून टाकते. चित्र पडद्यावर मोठे करून त्वचेची छिद्रे रंगवत बसू नये; पूर्वीचे चित्रकार मागे सरून किंवा आरशात पाहून चुका शोधत, तसे चित्र लहान करून आणि आडवे उलटवून पाहावे. काच फार निसरडी वाटत असेल, तर कागदासारखा स्पर्श देणारी फिल्म बाजारात मिळते. तिच्यावर पेनचे टोक लवकर झिजते, पण हाताला लागणारा अडसर रेषेला वजन देतो. आणि मुख्य म्हणजे समोर माणूस बसवून काढावे. आपल्याकडे व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांची मोठी परंपरा आहे; त्या प्रात्यक्षिकांना टॅबलेट घेऊन बसणारे विद्यार्थी मला फार थोडे दिसतात, ते वाढायला हवेत.

संपादक आणि स्पर्धांचे आयोजक यांनाही एक विनंती आहे. छायाचित्रावर प्रक्रिया करून केलेल्या चित्राखाली तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि मूळ छायाचित्रकाराचे नावही द्यावे. आज ते बहुतेक वेळा गाळलेच जाते आणि दुसऱ्याच्या कामावर तिसऱ्याची सही येते. स्पर्धेसाठी डिजिटल व्यक्तिचित्र मागवताना थर उघडून पाहता येतील अशी मूळ फाइल किंवा काम सुरू असतानाचे चित्रण सोबत मागावे. प्रोक्रिएटमध्ये असे चित्रण आपोआप नोंदले जाते, इतर ठिकाणी टप्प्याटप्प्यांच्या प्रती जतन करता येतात, त्यामुळे ही अट कोणालाही जड जाणार नाही. कोऱ्या पडद्यावर चेहरा उभा करणाऱ्या मुला-मुलींचे काम आज फिल्टरच्या कामाच्या रांगेत, त्याच मोबदल्यात आणि त्याच नावाखाली मांडले जाते. आपल्या वृत्तपत्राने पुरवण्यांतील चित्रांच्या श्रेयनामावलीत हा भेद पाळायला सुरुवात केली, तर इतरांनाही तो पाळावा लागेल.

आपला विश्वासू,
एक कलाशिक्षक, कोल्हापूर