लँड रोव्हरच्या दुरुस्तीत लांबी (पुट्टी) भरून दडवलेल्या गंजाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या आजोबांनी कंत्राटाच्या कामांसाठी घेतलेली, इंग्लंडहून आयात झालेली १९६४ सालची लँड रोव्हर सिरीज टू-ए मी २ जून रोजी आपल्या वर्कशॉपच्या ताब्यात दिली. २३ नोव्हेंबरला वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते आणि त्या दिवशी त्यांना याच गाडीतून कृष्णेकाठच्या देवळात न्यायचे, असे आम्ही घरी ठरवले होते. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडील बावीस वर्षांचे होते आणि ताडपत्र्या व धान्य घेऊन हीच गाडी पाटणच्या वाटांवर चालवत होते. हे सारे मी आपल्या पर्यवेक्षकांना पहिल्याच भेटीत सांगितले होते.

मुदत अपुरी आहे याची मला कल्पना होती, म्हणूनच कामाच्या यादीत चासी (गाडीचा खालचा सांगाडा) सर्वांत वर लिहून घेतली. या गाडीचे बहुतेक पत्रे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्याने त्यांना लोखंडासारखा गंज चढत नाही. परंतु चासी पोलादी आणि पेटीसारखी पोकळ असते, तिच्यात चिखलपाणी साचून राहते आणि वरून धडधाकट दिसणारा भाग आतून पोखरला जातो. गंजलेला भाग कापून नवी प्लेट वेल्ड करावी, असे लेखी ठरले होते आणि त्यासाठी आपण १,८५,००० रुपये घेतले आहेत.

२० नोव्हेंबरच्या संध्याकाळी गाडी घरी आली. रंगकाम सुरेख होते, हे मान्य केलेच पाहिजे. समारंभाच्या सकाळी वडील स्वतः चालकाच्या जागी बसले, त्यांनी ब्रेक दाबला आणि दुसऱ्याच दाबाला पेडल तळाला टेकले. खाली पाहिले तर पुढच्या डाव्या चाकापाशी रांगोळीवर ब्रेक ऑइल पसरले होते. गाडी अंगणातच होती म्हणून निभावले; देवळाच्या उतारावर हे घडले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही माझा थरकाप होतो. जुनाच भेगाळलेला रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) काळा रंग फासून परत बसवलेला होता, आणि बिलात मात्र नवीन होजची किंमत लावलेली आहे.

दुसऱ्या दिवशी कराडच्या आमच्या फिटरने गाडी रॅम्पवर चढवली आणि चासीच्या मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आले ते फायबरचे कापड, लांबी आणि ओंजळभर गंजाचा भुगा. गंज कापलेलाच नव्हता, झाकला होता. याखेरीज बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनामो काढून मला न विचारता त्याच कामाचा नव्या पद्धतीचा ऑल्टरनेटर बसवला आहे आणि काढलेला डायनामो परत दिलेला नाही. पन्नास वर्षांवरील गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची तर ती मूळ स्वरूपात असावी लागते, हा २०२१ पासूनचा नियम आपल्यासारख्या व्यावसायिकांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

काम वेळेत होत नव्हते तर आपण एक फोन करायला हवा होता. आम्ही वडिलांना दुसऱ्या गाडीतून नेले असते आणि लँड रोव्हरसाठी आणखी चार महिने आनंदाने थांबलो असतो. आपण तारीख पाळली, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला ब्रेकचा भरवसा नसलेल्या गाडीत बसवून. माझा खरा आक्षेप याला आहे.

तरी चासीचे आणि ब्रेकचे काम ठरल्याप्रमाणे, माझ्या फिटरच्या देखत आणि विनामूल्य पुन्हा करून द्यावे, मूळ डायनामो परत बसवावा आणि न बसवलेल्या सुट्या भागांची रक्कम परत करावी, अशी मागणी मी करीत आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार दाखल करीन. बिलाची प्रत, कामाची यादी आणि रॅम्पवर काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. काढलेला होज मी जपून ठेवला आहे.

आपला,
(सही)
कराड, जि. सातारा