गेमवरच्या ॲनिमे मालिकांची यादी छापताना एवढे तरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीत मुलांनी काय पाहावे, याची यादी आपल्या पुरवणीत येते आणि तिच्यात आता जपानी ॲनिमेलाही जागा मिळते, याचा मनापासून आनंद आहे. पण रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमवरून (म्हणजे ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन खेळतो, अशा खेळांवरून) निघालेल्या साहसमालिका या यादीत ‘जादू आणि राक्षसांची कार्टून्स’ म्हणून एकत्र टाकल्या जातात. प्रत्येकीचे नाव आणि खाली एक ओळ, एवढेच. त्यातली एक अर्धवट सुटलेली असते, एक गेम खेळलेल्यांनाच कळते, तर एक दहा वर्षांच्या मुलाला दाखवण्यासारखी नसते. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की मुले दिवसभर घरातच असतात. नागपूरच्या पालकांना ही यादी खरोखर उपयोगी पडते, म्हणूनच ती नीट असावी.

आधी मूळ खेळाविषयी. 1986 साली एनिक्स कंपनीने फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ काढला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. पुढे जपानी रोल-प्लेइंग गेमचा जो साचा रूढ झाला, तो बराचसा इथला आहे. खेळाडू नायकाला स्वतःचे नाव देतो, नायक स्वतःहून काही बोलत नाही, लढाई पाळीपाळीने होते, राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, वाढते. पहिल्या भागात जास्तीत जास्त लेव्हल 30 होती आणि नायक एकटाच होता. साथीदार आले ते 1987 च्या दुसऱ्या भागात.

यातली एकही गोष्ट पडद्यावर जशीच्या तशी चालत नाही. मुका नायक वीस मिनिटे पाहवत नाही. एकाच जंगलात फिरून चाळीस राक्षस मारणे खेळताना गोड लागते, बघताना कंटाळा येतो. खेळात मेलेल्या साथीदाराला चर्चमध्ये नाणी मोजून उठवता येते, पण मालिकेत तीच सोय ठेवली तर कोणाच्याच जिवाची काळजी वाटणार नाही. म्हणून अशी मालिका निवडताना मी पहिल्यांदा हे पाहतो, की खेळाडू नसल्याने रिकामी झालेली जागा लेखकाने कशाने भरली आहे.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती ‘ड्रॅगन क्वेस्ट: दाइ’. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळही तिच्याच बाबतीत सर्वांत जास्त होतो. ती कोणत्याही एका गेमची कथा नाही. गेमचे जग, राक्षस आणि मंत्र घेऊन रिकू सांजो यांनी लिहिलेली आणि कोजी इनादा यांनी रेखाटलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1989 ते 1996 या काळात चालली आणि तिचे 37 खंड झाले. तिच्यावर मालिका दोनदा निघाली. पहिली 1991-92 ची, 46 भागांची. मांगा तेव्हा चालूच होती, त्यामुळे ही मालिका कथेच्या मध्यातच संपते. दुसरी ऑक्टोबर 2020 ते ऑक्टोबर 2022, तोएइ ॲनिमेशनची, 100 भागांची. हिच्यात कथा शेवटपर्यंत जाते. शोधताना दोन्ही जवळजवळ एकाच नावाने समोर येतात. ओळखायची खूण सोपी आहे: चित्र जुन्या टीव्हीसारखे चौकोनी असेल आणि 46 च्या पुढे भागच नसतील, तर ती जुनी. मुलांना नवीच लावून द्यावी. तीस-चाळीस भाग पाहून झाल्यावर पुढची कथाच नाही, हे कळले की मुले चांगलीच हिरमुसतात.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. एक भाग साधारण 24 मिनिटांचा, म्हणजे 100 भागांचे 40 तास. सुरुवातीचे आणि शेवटचे गाणे दीड-दीड मिनिटाचे. ती ओलांडली तर पाच तास वाचतात आणि 35 उरतात. रोज दोन भाग पाहिले तर 50 दिवस लागतात, म्हणजे आपल्या विदर्भातल्या सुटीत ती बरोबर बसते. रोज सहा-सात भाग एका बैठकीत पाहू देऊ नयेत. डोळ्यांचे कारण आहेच, पण या मालिकेत लढाया एकातून दुसऱ्या उगवतात. ओळीने पाहिल्या की कोण कशासाठी लढतो आहे, याचा धागा सुटतो.

खेळाचे गणित कथेत कसे मुरवावे, याचा हा नमुनाच आहे. दाइ हा राक्षसांच्या बेटावर वाढलेला मुलगा. त्याचे गुरू अवान त्याला तलवारीचे तीन वार शिकवतात. पहिला ताकदीचा, दुसरा वेगाचा आणि तिसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या दुष्ट शक्तीवरचा. तिन्ही साधले की त्यांतून ‘अवान स्ट्रॅश’ हा सर्वांत मोठा वार पूर्ण होतो. खेळातली लेव्हल म्हणजे आकडा, इथे तिच्या जागी शिकवणी आली. अग्निमंत्राच्या पायऱ्या मात्र खेळातल्याच आहेत: मेरा, मेरामी, मेराझोमा. दाइचा साथीदार पॉप हा शिकाऊ जादूगार सुरुवातीलाच मोठा मेराझोमा टाकू शकतो, आणि तरीही खरे संकट दिसले की पळून जातो. क्रोकोडाइन नावाच्या सरड्यासारख्या सेनापतीशी गाठ पडते तेव्हा तो मित्राला सोडून लपतो आणि मग परत येतो. आकड्यांच्या खेळात धैर्य मोजायला रकाना नसतो. लेखकाने तो रकाना पॉपच्या रूपाने तयार केला. शंभर भागांत सर्वांत लांबचा पल्ला हाच मुलगा गाठतो, नायक नव्हे. आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र इथेही आहे, पण तो लागू पडेलच अशी खात्री नाही. त्यामुळे मरणाला वजन राहते. रक्त आणि मृत्यू दिसतात, म्हणून दहा वर्षांखालील मुलांसोबत मोठ्यांनी बसावे, असे माझे मत आहे.

‘पोकेमॉन’ आपल्या मुलांना माहीत असतोच. 2003 पासून तो कार्टून नेटवर्कवरून भारतात घरोघरी पोहोचला. पण तो मुळात 1996 चा, गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावरचा रोल-प्लेइंग गेम आहे, हे पालकांना क्वचितच ठाऊक असते. गेममध्ये खेळाडू सुरुवातीला तीन पोकेमॉनमधून, म्हणजे पाळून लढवायच्या प्राण्यांमधून, एक निवडतो. मालिकेत एक निवडला तर बाकी दोघांचे चाहते नाराज होणार, म्हणून मालिकेचा नायक ॲश याला चौथाच, पिकाचू, देण्यात आला. तो इतका आवडला की 1998 मध्ये गेमचीच नवी आवृत्ती, ‘पोकेमॉन यलो’, पिकाचूला सोबत घेऊन निघाली.

इथे मुलांची हमखास फसगत होते. मालिकेत पहिल्या जिममध्ये, म्हणजे लढतीच्या आखाड्यात, पिकाचूची वीज तिथला प्रमुख ब्रॉक याच्या ओनिक्स या पोकेमॉनला नमवते, कारण आगीमुळे छतावरचे फवारे सुरू होतात आणि ओनिक्स भिजतो. गेममध्ये ओनिक्स दगड आणि जमीन अशा दोन प्रकारांचा आहे. जमीन प्रकारावर विजेचा परिणाम शून्य, मग तो भिजलेला असो वा कोरडा. ‘यलो’ खेळणारे मूल पिकाचू घेऊन जाते, हरते, आणि गेम बिघडला असे समजते. उपाय गेममध्येच ठेवला आहे. व्हिरिडियन शहराच्या पश्चिमेला रूट 22 वर मँकी हा पोकेमॉन मिळतो. तो लेव्हल 9 ला ‘लो किक’ शिकतो आणि लढाऊ प्रकाराचा हा फटका दगडाला जबर लागतो. किंवा व्हिरिडियनच्या जंगलात कॅटरपी पकडावा, तो वाढून लेव्हल 10 चा बटरफ्री झाला की ‘कन्फ्यूजन’ शिकतो, तेही चालते. ब्रॉककडे या आवृत्तीत लेव्हल 10 चा जिओड्यूड आणि लेव्हल 12 चा ओनिक्स असतो. आपला मुख्य गडी 12 च्या आसपास नेला की काम होते. मालिका नाट्यासाठी नियम वाकवते आणि गेम वाकवत नाही, एवढे मुलाला आधी सांगितले तर त्याचा विरस होत नाही.

‘टेल्स’ नावाच्या गेममालेवरून निघालेल्या मालिकांबद्दल थोडक्यात. ‘टेल्स ऑफ द ॲबिस’ हा 2005 चा गेम, मुख्य कथाच पन्नासेक तासांची. सनराइझ स्टुडिओने 2008-09 मध्ये ती 26 भागांत, म्हणजे सुमारे साडेदहा तासांत बसवली. भुयारे आणि फुटकळ कामगिऱ्या गाळल्या, माणसे ठेवली. काम नेटके झाले आहे. नायक ल्यूक सुरुवातीला उद्धट आणि लाडावलेला आहे, इतका की बरेच जण तीन-चार भागांत मालिका सोडतात. सोडू नये. त्याच्या हातून घडणारी मोठी चूक आणि नंतरचा बदल यासाठीच तो तसा रंगवला आहे. पहिला एक तृतीयांश भाग धीर धरावा. याउलट ‘टेल्स ऑफ सिम्फोनिया’ 2007 ते 2012 या काळात फक्त 11 भागांत, तेही तीन तुकड्यांत निघाली. युफोटेबल स्टुडिओची चित्रे देखणी आहेत, पण दोन जगांमधला मूळ गुंता ती इतक्या घाईने सांगते की गेम न खेळलेल्याला पात्रांची नाती कळत नाहीत. पहिली मालिका म्हणून ती कुणालाही सुचवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे यादीच्या शेजारी चौकटीत छापावे अशी कळकळीची विनंती आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे 12 वेळा असा काही सेकंद लुकलुकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, झटके, उलट्या, चक्कर यांमुळे रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी नियम केले की लुकलुक साधारणपणे सेकंदाला तीनपेक्षा जास्त नसावी आणि लाल रंगाबाबत विशेष काळजी घ्यावी. तिथल्या मालिकांच्या सुरुवातीला ‘खोलीत उजेड ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसून पाहा’ अशी सूचना दिसते, ती याच घटनेनंतर रूढ झाली. लढाईत चित्र मध्येच काळपट पडते किंवा एकावर एक प्रतिमा दिसतात, तेव्हा टीव्ही बिघडलेला नसतो. तीव्र झगमगाट दाबण्यासाठी ते मुद्दाम केलेले असते.

नागपूरच्या उन्हाळ्यात आपण नेमके उलटे करतो. दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, जाड पडदे, खोलीत कूलर आणि काळोख, त्यात मूल मोबाइल नाकाशी धरून बसलेले. आसपास अंधार आणि पडदा लखलखीत असेल तर डोळ्यांवर पडणारा फरक फार मोठा होतो, आणि झटक्याचा धोका याच फरकाने वाढतो. म्हणून खोलीतला दिवा लावावा, टीव्हीपासून किमान आठ फूट अंतर ठेवावे, ब्राइटनेस कमी करावा. शक्यतो मोबाइलऐवजी टीव्ही बरा, कारण दूर बसता येते. रील्सवर फिरणारे लढायांचे तुकडे तर टाळावेतच. त्यांत कोणीही स्वतःचे झगमगाट घालतो आणि वाहिनीचे नियम तिथे कुणी तपासत नाही. लुकलुक त्रासदायक वाटली तर मुलाने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर वळवावी. नुसते दोन्ही डोळे मिटणे पुरत नाही, प्रकाश पापण्यांतूनही आत जातो. घरात कुणाला फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पुढची यादी करताना प्रत्येक नावापुढे चार गोष्टी छापाव्यात: एकूण भाग किती आणि कथा पूर्ण होते का, एकाच नावाची जुनी-नवी असेल तर कोणत्या सालची, गेम न खेळता समजते का, आणि कोणत्या वयासाठी. दोन इंच जागा पुरेल. या यादीत ‘पर्सोना 4’ या गेमवरची मालिका मात्र लहान मुलांच्या रकान्यात येऊ देऊ नये. 2011-12 ची ही मालिका सरस आहे. गेमच्या मुक्या नायकाला तिने यू नारुकामी हे नाव आणि एक शांत, हजरजबाबी स्वभाव दिला, आणि भागाच्या मधोमध त्याचे ज्ञान, धैर्य वगैरे गुणांचे आकडेही ती दाखवते. पण एका छोट्या गावात टीव्हीच्या अँटेनावर लटकलेल्या प्रेतापासून तिची गोष्ट सुरू होते. दहावी-अकरावीच्या मुलांसाठी ती योग्य आहे.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर