सूचना: रविवारपासून रेव्हनलॉफ्ट, येण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी दुपारी ४ ला कर्स ऑफ स्ट्राड हे रेव्हनलॉफ्टमधलं भयसाहस चालू करतोय. ज्यांनी रेव्हनलॉफ्टचं नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी, १९८३ साली डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) एक साहस म्हणून हे आलं, १९९० मध्ये त्याचं अख्खं जग झालं आणि आपण खेळणार ते पुस्तक २०१६ चं, फिफ्थ एडिशन.

कॅरेक्टर लेव्हल १ चं आणा. दिसेल त्याला कापत सुटणारा हिरो इथे लवकर मरतो, बरोव्हियात, म्हणजे गोष्ट घडते त्या प्रदेशात, धुक्यातून आत येता येतं पण बाहेर पडता येत नाही आणि तिथला मालक, व्हँपायर स्ट्राड, सुरुवातीला तरी तुम्हाला झेपणारा नाही, त्यामुळे पळ काढणं हा पण प्लॅन असतो. कॅरेक्टरला एखादी भीती, एखादं जुनं पाप द्या, मला तेच कामाला येतं.

टॅरोकाचे पत्ते (या साहसातले भविष्य सांगायचे पत्ते) विकत घेऊ नका, उगाच खर्च. साधा कॅट चालतो, चित्रं आणि दोन जोकर असे १४ बाजूला काढायचे, उरलेले ४० वेगळे. पाच पत्ते उघडले की कुठली वस्तू कुठे लपलीये, मदतीला कोण आणि स्ट्राड शेवटी कुठे गाठायचा ते ठरतं, म्हणून प्रत्येक ग्रुपची गोष्ट वेगळी होते. (कॅट कोणीतरी आणा, आपल्यातला बदाम गुलाम गायब आहे.)

लहान मुलांवरचे अत्याचार वगैरे प्रकार यात आहेत, ज्याला जे नको ते मला पर्सनलवर आधीच सांगा, कारण विचारणार नाही. आणि प्लीज, पुस्तक वाचून येऊ नका.