आजीचं आयुष्य आणि माझे कृमी

पाषाण, पुणे
श्रावणातला दुसरा शनिवार

प्रिय बाळू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी भर पावसात रिक्षा शोधत होतो, म्हणून "हो, बघू" म्हणून ठेवला. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. आजीला 93 पूर्ण झाली, तिच्या आईनंही नव्वदी गाठली होती, म्हणून तू विचारलंस, "नंद्या, लांब आयुष्याचं जीन तुम्हाला सापडलं असेल ना? आमच्या घराण्यात असणार ते." आज इथं दुपारी काम नाही. सगळं सांगतो, कंटाळलास तर शेवटचं पान वाच.

मी दिवसभर ज्यांच्यापुढे बसतो ते सूत्रकृमी म्हणजे आटपाडीच्या तुझ्या मामांच्या डाळिंबाला मुळावर गाठी आणणाऱ्यांचे भाऊबंद, पण हे बिचारे निरुपद्रवी. कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन जगतात. लांबी 1 मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार, शरीरात मोजून 959 पेशी. 20 अंशांवर ठेवले तर दोन-तीन आठवड्यांत जन्म, पोरंबाळं, म्हातारपण, सगळं उरकतं. माणसांचं आयुष्य मोजायला बसलं तर मोजणाराच आधी जायचा, म्हणून हे.

मोजायचं कसं, तर प्लॅटिनमची बारीक तार घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाला हळूच टोचायचं. हलला तर जिवंत. तीनदा टोचून हलला नाही तर वहीत एक रेघ. शिवाय एकेक आई तीनशेच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे सुरुवातीला रोज तिला उचलून नव्या बशीत न्यावं लागतं, नाहीतर आई कोण आणि लेक कोण कळत नाही. दिवाळीतही सुट्टी नाही. मरायला त्यांना मुहूर्त लागत नाही.

आता जनुकांचं. 1993 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केनियन यांच्या गटानं दाखवलं की डॅफ-2 नावाचं एकच जनुक अधू झालं, तर कृमी दुपटीहून जास्त जगतात. नुसते रेंगाळत नाहीत, चांगले वळवळत जगतात. तू म्हणशील, मग सापडलं की! थांब. त्याच कामात दुसरी गोष्ट होती. डॅफ-2 बरोबर डॅफ-16 सुद्धा बिघडवलं, तर वाढलेलं आयुष्य सगळं गायब.

हे तुझ्या दुकानावरून सांगतो, रागावू नकोस. आप्पा गल्ल्यावर बसलेले असले की तुला कोठीत पाऊल टाकता येत नाही. "राहू दे, चाललंय ना!" आप्पा म्हणजे डॅफ-2. आपल्या शरीरात इन्सुलिनचा निरोप घेणारं प्रथिन असतं, त्याच जातीचं हे. बाहेर खाणंपिणं भरपूर आहे असा निरोप आला की ते आतल्यांना सांगतं, डागडुजी नको, वाढा आणि पोरं काढा. तू म्हणजे डॅफ-16. आप्पा आठ दिवस तुळजापूरला गेले की तू कोठीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात शिरतोस, उंदरांची बिळं बुजवतोस, गळकं छप्पर नीट करतोस. दुकानाचं आयुष्य वाढतं. पण तूच नसलास तर? आप्पा तुळजापूरला जावोत नाहीतर काशीला, छप्पर गळतच राहणार. म्हणून आयुष्य वाढवलं कुणी, आप्पांच्या गैरहजेरीनं की तू? एकेकट्याकडे बघून याचं उत्तर मिळत नाही.

यावरून माझी फजिती ऐक. गेल्या महिन्यात बशा पुसताना स्पिरिटनं मार्करची शाई निघाली. आठ बशांवर नुसतं "डॅफ-2" उरलं, पुढचं "डॅफ-16" काहींवर होतं की नव्हतं, कळेना. मी गप्प बसून मोजत राहिलो. पंचविसाव्या दिवशी चार बशा रिकाम्या आणि चारांत जत्रा भरलेली! कृमींनी स्वतःच आपली नावं सांगितली. मी खुशीत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "निकालावरून नाव लावलंस, तर मग निकाल कशाचा?" सगळं फेकलं. पंचवीस दिवस, बाळू. त्या बरोबर होत्या, हेच जास्त लागलं.

तुझ्यातल्या व्यापाऱ्याला पुढचं आवडेल. 1996 मध्ये क्लॉक-1 नावाचं, कृमीची सगळी चालच मंदावणारं बिघडलेलं जनुक डॅफ-2 च्या जोडीला दिलं, तर कृमी जवळजवळ पाचपट जगले. 2013 मध्ये कॅलिफोर्नियात पंकज कपाही यांच्या गटानं डॅफ-2 आणि आरएसकेएस-1 नावाचं आणखी एक जनुक एकत्र बिघडवली. आरएसकेएस-1 एकटं बिघडवलं तर आयुष्यात जेमतेम 20 टक्क्यांची भर. जोडीनं मात्र आयुष्य पुन्हा पाचपटीच्या घरात! उलट ईट-2 हे जनुक बिघडलं की कृमीला खाणं नीट गिळता येत नाही, अर्धपोटी राहून तो जास्त जगतो. पण त्याला बिघडलेलं क्लॉक-1 जोडलं तर वर काहीच पडत नाही, बहुधा दोघं एकाच वाटेनं जातात. तुझ्या रोजमेळात पाच आणि दोन सात होतात. इथं कधी पाच, कधी वीस, कधी शून्य. कृमीची जनुकं 20 हजारांच्या आसपास, म्हणजे नुसत्या जोड्याच 20 कोटी. तिघांच्या टोळ्या अजून धरल्याच नाहीत.

म्हणून आजीबद्दल मी "अमुक जीन" असं काही बोलणार नाही. डॅफ-16 चं आपल्यातलं भावंड आहे, फॉक्सो-3 नावाचं. 2008 मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या म्हाताऱ्यांमध्ये त्याचा एक प्रकार दीर्घायुष्याबरोबर जास्त आढळला. पण तो प्रकार असलेला माणूस नव्वदी गाठेलच असं नाही. तुझ्यात आजीचा निम्मा वाटाही नाही, चौथाई आहे, आणि तो तुझ्या आईच्या बाजूच्या जनुकांच्या शेजारी बसलाय. ती शेजारीण कशी आहे कुणास ठाऊक. तंबाखू मात्र सोड, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

वाढदिवसाला येणार होतो, पण नव्या बशा लावल्यात आणि आज अकरावा दिवस आहे. यावेळी नावं बशीच्या बुडाला कोरलीत. सगळे संपले की येतो, महिना तरी जाईल. आजीला नमस्कार सांग. कुणी सांगलीहून येत असेल तर भडंग पाठव, मागच्या वेळचं प्रयोगशाळेत दहा मिनिटांत संपलं.

तुझा,
नंदू