चौघांचे सॉफ्टवेअर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान संस्थांनी धाडस करावे, असे लेख वरचेवर छापून येतात. आम्ही चौघे ग्रंथालयांसाठी पुस्तकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर बनवतो. धाडसाला तोटा नाही, वेळ पुरत नाही तो दुरुस्त्यांना. नवी सोय आठवड्यात लिहून होते. पण ती जुन्या फोनवर चालते का, मध्येच इंटरनेट गेले तर नोंद हरवते का, हे तपासण्यात महिना जातो. एका ग्रंथपालांनी हट्ट धरला म्हणून बारकोडची सोय दिली. वापरणारे तिघेच निघाले, आणि ती आम्ही आजही सांभाळतोय. 'नाही' म्हणायला तेव्हा शिकलो, उशिराच.

व्हॉट्सअ‍ॅपची 2014 मध्ये विक्री ठरली तेव्हा तिथे जेमतेम 55 माणसे होती, हे उदाहरण सगळेच देतात. मला जवळचा वाटतो तो एसक्यूलाइट हा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवून ठेवणारे सॉफ्टवेअर. 2000 साली सुरू झाला, आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि त्याचा मुख्य चमू मूठभरांचाच. सॉफ्टवेअर नीट चालते का हे तपासणारा त्यांचा चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे. आमचा आमच्या मूळ कोडच्या निम्माही नाही; लिहितानाही लाज वाटते.

मध्यंतरी एक सहकारी आजारी पडली. सर्व्हरचा पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक! तीन दिवस आम्ही नुसते फोनवर माफी मागत होतो. आता तो दोघांकडे असतो. उरलेल्या दोघांपैकी मी एक. सर्व्हरला अजून हात लावलेला नाही.

आपला,
एक प्रोग्रामर